मूर्ख घरमालक व्हा

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात पहिल्यांदाच पोर्शन किरायाने देणाऱ्याला सल्ला द्यायला सगळी गल्ली हजर असते. टू-लेटचा बोर्ड टांगण्याआधीच शहाणे बजावून जातात: फॅमिलीच ठेवा, पोरं नकोत, कागद अकरा महिन्यांचाच करा, पावती देऊ नका, घर सोडताना पेंटिंगच्या नावानं एक महिन्याचा किराया अ‍ॅडव्हान्समधून कापा. माझं सांगणं एवढंच की मूर्ख व्हा.

मूर्ख घरमालक पोरांना खोली देतो. 1916 साली बांधलेलं काचीगुडा स्टेशन इथून जवळच. नांदेडकडची गाडी तिथं लागते आणि उस्मानिया विद्यापीठही फार लांब नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा तिकडची मुलं शिकायला याच शहरात यायची. कुणीतरी त्यांना खोली दिली म्हणून ती शिकली. आज बोर्डावर ‘ओन्ली फॅमिली’ लिहिणाऱ्या मराठी माणसानं आपले आजोबा इथं कुणाच्या घरात राहिले होते, ते एकदा घरात विचारावं.

मूर्ख माणूस कागद नोंदवतो. 1908 च्या नोंदणी कायद्यानं वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली, म्हणून शहाणे अकरा महिन्यांवर थांबतात. बारावा महिना लागला तरी नवा कागद होत नाही. मग उरते ती महिनेवारी, पंधरा दिवसांच्या नोटिशीत मोडणारी. मूर्ख स्टँप ड्यूटी भरतो, तीन वर्षांचा करार करतो, दरवर्षीची वाढ आधीच लिहून ठेवतो. ऐन परीक्षेत घर हलवावं लागणार नाही, हे किरायेदाराच्या लेकरांनाही कळतं.

तो पावती देतो, पॅनही देतो, कारण जुन्या करपद्धतीत त्याशिवाय नोकरदाराला घरभाडे भत्त्याची सूट घेणं अवघड होतं. स्वतःचं उत्पन्नही तो दाखवतो. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर, दुरुस्तीचं एकही बिल न दाखवता 30 टक्के वजावट मिळते. पावतीला घाबरणाऱ्या कितीजणांनी हा हिशेब कधी मांडून पाहिला आहे?

मे महिन्यात बोअर आटतो, नळाचं पाणी पुरत नाही. शहाणा मोटरच्या खोलीला कुलूप लावतो. मूर्ख टँकर मागवतो आणि अर्धे पैसे स्वतः देतो. छत गळलं तर लगेच माणूस पाठवतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, मालकावर असलेली दुरुस्ती सांगूनही झाली नाही, तर किरायेदार ती स्वतः करून खर्च व्याजासकट किरायातून कापू शकतो. मूर्खाला हे कलम ठाऊक नसलं तरी चालतं.

राहिला अ‍ॅडव्हान्स. राहत्या वापरानं होणारी झीज नुकसानीत धरायची नाही, हे त्याच कायद्यात आहे. चार वर्षं माणसं राहिली की भिंत मळणारच. मूर्ख लाइटबिलाची थकबाकी दाखवून कापतो, बाकीचे पैसे चावी घेतानाच मोजून देतो आणि रंग स्वतःच्या खर्चानं लावतो. त्याला बोर्ड क्वचितच टांगावा लागतो. जाणारा किरायेदारच आपल्या ओळखीचं पुढचं कुटुंब घेऊन येतो.