प्रोप्रायटर

"काका, शाई आहे का?"

सकाळी शटर वर करतो, उदबत्ती लावतो, आणि तिचा धूर लक्ष्मीच्या तसबिरीपर्यंत पोचायच्या आत हा आवाज येतो. लिहायची शाई नव्हे. ती आता मागतंय कोण? शिक्क्याच्या पॅडची. जांभळी.

हे गिऱ्हाईक तुमच्याही ओळीत असणार. धंदा सुरू व्हायचा असतो, माल यायचा असतो, जागेचं भाडं ठरायचं असतं. पण व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड आणि शिक्का ही त्रिमूर्ती आधी अवतरलेली असते. आमच्या रेणापुरातल्या या मूर्तीचा शिक्का मीच लातूरहून करून आणला. तेवढं पाप माझं. दुकानाचं नाव बारीक, पत्ता त्याहून बारीक, आणि मधोमध मुंगीलाही चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या ठळक अक्षरात: प्रोप्रायटर.

"दुकानाचं नाव मोठं घे की," मी म्हटलं होतं.

"नको. हेच मोठं पाहिजे."

वय वर्षं एकवीस. धंदा ॲनिमेचा. म्हणजे जपानी चित्रमालिकांतल्या पोरांची पोस्टर, कीचेन, स्टिकर, टी-शर्ट आणि बोटभर उंचीचे पुतळे. त्यांना पुतळे म्हणायचं नाही, 'फिगर' म्हणायचं. आणि मालिकांना कार्टून तर मुळीच म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं, तर पाऊण तास उभं राहून ऐकावं लागलं आणि माझी दोन झेरॉक्सची गिऱ्हाइकं परत गेली.

माल यायला दीड महिना लागला. तोवर रिकाम्या दुकानात टेबल, खुर्ची आणि शिक्का. चालवायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यानं शिक्का चालवला. चहावाल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीवर. रेणुकादेवीच्या नवरात्राच्या वर्गणीच्या पावतीवर, तीही आपल्याकडच्या अर्ध्या भागावर नाही, मंडळाच्या अर्ध्या भागावर. लाइट बिलावर. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की पोचल्याची खूण म्हणून पत्रिकेवर. ती पत्रिका परत कुणाला दाखवायची होती, ते त्याचं त्यालाच माहीत. एकदा शेजारचं तीन वर्षांचं लेकरू मनगटावर 'प्रोप्रायटर' घेऊन गल्लीभर फिरलं.

"अरे, सही कर ना," मी म्हटलं. "सहीला शाई लागत नाही माझी."

"जपानमध्ये सहीऐवजी शिक्काच चालतो, काका. हांको म्हणतात त्याला. माणसाच्या नावाचा शिक्का असतो."

मी माझ्या पोराला फोनवर विचारून खात्री करून घेतली. खरंच होतं. पण २०२० मध्ये तिथल्या सरकारनंच कचेऱ्यांमधले शिक्के कमी करायला घेतले, हेही कळलं. ते मी प्रोप्रायटरला मोठ्या आनंदानं सांगितलं.

"म्हणून तर आपण जपायचे," तो म्हणाला, आणि पॅडवर माझी शाई ओतली.

मग बोर्ड आला. फ्लेक्स छापणाऱ्याला यानं फोनवर शब्द सांगितला. तो बिचारा कर्तव्यदक्ष. पोरानं शेवटचं अक्षर खाल्लं असं समजून त्यानं ते पदरचं घातलं. सकाळी बोर्ड चढला तेव्हा त्यावर भगव्या-निळ्या रंगात झळकत होतं: ॲनिमल शॉप. शेजारी तलवार उपसलेला, कपाळाला पट्टी बांधलेला पोरगा, म्हणजे बहुधा जनावरांचा डॉक्टर.

बदलायला पैसे नव्हते. बोर्ड राहिला.

दुसऱ्याच दिवशी पानगावकडचा एक शेतकरी आत शिरला. "मालक, म्हशीला गोचीड लई झालेत. काय हाय का?"

यानं त्याला स्टुलावर बसवलं आणि ॲनिमे म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. जपान, तिथली मासिकं, १९९७ पासून आजतागायत चाललेली आणि अजून न संपलेली 'वन पीस' नावाची चाच्यांची गोष्ट. शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. चहा प्याला. उठताना म्हणाला, "म्हंजी औषध न्हाई."

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र तो काटेकोर. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट. तिचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलं माझ्याकडे, तेही फुकटच म्हणायचं, कारण पैसे अजून यायचेत. २०१७ च्या कायद्यानं तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकानाची नोंदणी लागत नव्हती, नुसती सूचना दिली तरी भागायचं. याच्याकडे कामगार शून्य. तरी सूचनेची पावती चौकटीत. मग मुद्रा कर्ज. पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशू' म्हणतात, ते त्याला पसंत नव्हतं. प्रोप्रायटर माणसानं शिशू म्हणून अर्ज करायचा, हे बरं दिसत नाही म्हणे.

बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "धंदा कसला?"

"ॲनिमे."

"म्हणजे डेअरी?"

अर्जाच्या प्रत्येक पानावर, जिथं सही तिथं आणि जिथं नाही तिथंही, जांभळा शिक्का होता. साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "एवढे प्रोप्रायटर कशाला? एकच आहात ना?" कर्जाचा निर्णय आजतागायत 'प्रोसेसमध्ये' आहे.

माल शेवटी घरच्या पैशातनं आला, हैदराबादच्या बेगम बाजारातनं, दोन पोत्यांत. पोरांच्या झुंडी आल्या. आणि इथं प्रोप्रायटरची गाठ खऱ्या परीक्षकांशी पडली. सातवीतलं पोर चड्डी सावरत फिगर हातात घेतं, उलटी करतं, तळवा बघतं आणि म्हणतं, "दादा, ही बूटलेग आहे. झोरोला तीन तलवारी असतात. याला अडीचच आहेत." अडीच कशा, म्हणून मी बघायला गेलो. खरंच, एक पोत्यात मोडली होती. यानं वीस रुपये कमी केले. पोर म्हणालं, "अर्ध्या तलवारीचे चाळीस होतात." घासाघीस करायला या लेकरांना कुठला क्लास लावला होता कोण जाणे. पंचवीस कमी करून सौदा झाला. पावती फाडली. शिक्का मारला. पंचाहत्तर रुपयांच्या विक्रीला माझी किती शाई गेली, ते सोडा.

आयांना मात्र वेगळंच पाहिजे. "डोरेमॉनचे फुगे हायेत का? लेकराचा वाढदिवस हाय." याचा चेहरा पडायचा. मी मध्येच म्हटलं, "तोही जपानीच ना? म्हणजे मी पंधरा वर्षं डोरेमॉनच्या कंपासपेट्या विकतोय. रेणापुरातलं पहिलं ॲनिमे दुकान माझंच."

हे त्याला फार लागलं. दोन दिवस शाई न्यायला आला नाही. खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं.

'डीमन स्लेअर'चा सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला लागला, तेव्हा हा हैदराबादला गेला. शटरवर कागद: 'प्रोप्रायटर कामानिमित्त परगावी.' खाली शिक्का. कागद त्यानं आतल्या बाजूनं चिकटवला होता, त्यामुळं तो वाचायला शटर उघडणं गरजेचं होतं.

पण त्याआधी पोळा झाला, तो सांगायलाच हवा.

खांदमळणीच्या दिवशी तोच गोचिडवाला शेतकरी परत आला. आल्या आल्या बोट वर. "ते काळं-तांबडं कापड काय भावानं?"

ते कापड म्हणजे 'नारुतो' मालिकेतला अकात्सुकीचा डगला. काळ्यावर लाल ढग. पोतं उघडल्यापासून लटकलेला. साडेचारशे किंमत ऐकून पोरं नुसती हात लावून जायची.

"दोन द्या. बैल दोन हायेत."

प्रोप्रायटरचा आवाज चिरकला. "मामा, ही झूल नाही. हे गाव सोडून पळालेल्या फरारी निंजांच्या टोळीचे डगले आहेत!"

"आमचा पाखऱ्या तरी काय कमी हाय? तीनदा दावं तोडून पळालाय."

बाह्या शिंगांना अडकतील म्हणून त्यानं तिथंच कातरल्या. पोराला बघवेना. पण नऊशे रुपये रोख टेबलावर आले तेव्हा त्याला बघवलं. दुसऱ्या दिवशी बाशिंगं, गोंडे, घुंगरमाळा आणि वार्निश लावलेली शिंगं यांच्या रांगेत, हलगीच्या तालावर, अकात्सुकीचे दोन जबाबदार सदस्य रवंथ करत मारुतीला निघाले. शाळकरी पोरं पिसाळली. फोन निघाले. आणि डगल्याच्या मागच्या टोकाला, शेपटीच्या जरा वर, जांभळ्या शाईत दिसत होतं: प्रोप्रायटर.

मी हसलो. पण रात्री मला माझं १९९३ आठवलं. त्या साली मी दुकान टाकलं. रविवारी दूरदर्शनवर मोगली लागायचा, गल्ली माझ्या दुकानातल्या टीव्हीपुढं बसायची. तो मोगलीही जपान्यांनी काढलेला, हे मला या पोरानं सांगेपर्यंत तीस वर्षं ठाऊक नव्हतं. मी माल भरला होता ग्रीटिंग कार्डांचा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि पुढं कित्येक दिवस माझ्याकडे खपले ते फक्त कार्बन पेपर आणि कोरे कागद. याद्या करायला, अर्ज करायला. ग्रीटिंग कार्डं तशीच राहिली. दुकान कशावर चालणार, हे दुकानदाराला कुणी आधी सांगत नाही. फरारी निंजांवर चाललं, तर नशीबवान म्हणायचं.

पोळ्यानंतर मंदी. सोयाबीन घरात यायचं होतं, कुणाच्या हातात पैसा नव्हता. एका दुपारी मी त्याच्याकडे जाऊन बसलो. म्हटलं, "सांग एकदाची ती नारुतोची गोष्ट."

सांगितली. एक पोरगा. गावात कुणी त्याला जवळ करत नाही. निंजांच्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास होतो.

"एकदा?"

"तीनदा."

मग त्याचे एक गुरुजी असतात. ते आपल्या कपाळाची पट्टी सोडून त्याच्या कपाळाला बांधतात. पट्टी बांधली की निंजा. तिथून पुढं सगळी गोष्ट.

"पण मार्क?"

"मार्क तेवढेच राहतात, काका."

मी गप्प बसलो. लातूर इथनं एसटीनं तासाच्या आत. आमच्याकडची लेकरं तिथं डॉक्टर व्हायला जातात, मेसचा डबा खातात, आणि ७२० पैकी जे मार्क पडतात त्यावर गावात त्यांचं नाव ठरतं. याला दोनदा कमी पडले. दोन वर्षं गावानं याला नावानं हाक मारलीच नाही. लग्नात, तेराव्याला, एसटी स्टँडवर, कुणीही ओळख करून द्यायचं, "हे आमच्या अमक्याचं लेकरू. रिपीटर हाय." तिसऱ्यांदा रिपीट करायला बापानं जी फी बाजूला ठेवली होती, तिचीच ती दोन पोती.

दिवाळीत वहीपूजनाला मी नवी वही काढली आणि जुनी चाळायला बसलो. याचं पान आलं. शाई, शाई, लॅमिनेशन, शाई, सेलोटेप, शाई. एकूण तीनशे चाळीस. वर खातेदाराचं नाव असतं तिथं मात्र अक्षर दिसेना. नुसता जांभळा डाग. नीट बघितलं, तर शिक्का होता, अगदी सरळ रेषेत, जपून मारलेला. मी बाहेर गेलो असताना कधीतरी मारला असणार. पान उजेडात धरलं, तेव्हा खालचं निळं अक्षर दिसलं. माझंच. नाव आठवलं नसेल, घाईत जे तोंडात होतं ते लिहिलं असेल.

रिपीटर.

पान मिटलं. थोड्या वेळानं नेहमीचा आवाज आला.

"काका, शाई आहे का?"

मी नवी वही उघडली, कोरं पान काढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. म्हटलं, "नाव तेवढं टाक वर. मला चष्मा सापडंना."

चष्मा डोळ्यांवरच होता. त्याला दिसत होता. तो काही बोलला नाही. पॅड उघडला, फुंकर मारली, आणि पानाच्या बरोबर मधोमध शिक्का उठवला.

शाई माझीच. पहिली नोंद तीच केली.