तबकडीबुवा

तबकडीबुवा ही जात मूळची शहरातली. निवृत्त झाली की ती शांतता शोधत रानात येते. आमच्या जोयड्यात जूनपासून कौलांवर पाऊस ताशा बडवतो, रात्री बेडूक, पहाटे धनेश. तरी बुवा छातीवर हात ठेवून सांगतात, ‘इथल्यासारखी शांतता मुंबईत नाही!’

टर्नटेबल इंग्लंडचा, गॅरार्ड. त्याच्याखाली जांभ्याचे दोन चिरे, चिऱ्यांवर शहाबादी फरशी, फरशीवर गवंड्याची पाणसळ. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत रेकॉर्ड पाकिटातून निघत नाही. मग सुईचा भार. दीड ग्रॅम. ‘सोनाराच्या हिशेबात बारा गुंजा,’ असं म्हणत बुवा श्वास रोखून काट्यावर मोजून दाखवतात. ‘माझ्या पाटल्या मोडल्या तेव्हा हे वजनाला थांबलेसुद्धा नव्हते,’ मुडलीच्या कंदाच्या फोडी पुढ्यात ठेवत वहिनी म्हणतात. पाटल्यांचा अॅम्प्लिफायर झाला. व्हॉल्वचा आहे. तापायला वीस मिनिटं लागतात.

रेकॉर्ड डमडमला छापलेली की विलायतेत, हे बुवा कडेवरून बोट फिरवून सांगतात. गातंय कोण, हे मात्र त्यांना पाकीट उलटून बघावं लागतं. श्रावणात पाकिटांना बुरशी येते, मग सगळ्या एल्पी डिस्टिल्ड वॉटरनं न्हाऊन वहिनींच्या ताटाळ्यात ओळीनं निथळतात. ताटं तेवढे दिवस ओट्यावर पालथी.

स्पीकरच्या पेट्या फणसाच्या. वीणा फणसाची, मृदंग फणसाचा, मग स्पीकरनंच काय घोडं मारलंय? सुतारानं दोन्ही पेट्या ठोकून दिल्या आणि जाताना हळूच विचारलं, ‘भाऊ, ह्यांत भात किती मावेल?’ पेटीला पुढून बाससाठी गोल भोक आहे. गेल्या मार्चात एका भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं. मी काडी घेऊन पुढे झालो तर बुवांनी माझा हात धरला. आठवडाभर डोळे मिटून ऐकल्यावर त्यांनी निकाल दिला, ‘बास आवरला!’ आता दुसऱ्या भोकात माशी कधी येते, याची ते वाट बघताहेत.

गाणं? ते असतं ना. सुई टेकते, आलाप सुरू होतो, आणि मिनिटभरात बुवा ती उचलतात. ‘ऐकलंत? तंबोऱ्याची ती चौथी तार?’ पुन्हा तेच, दुसऱ्या सुईनं. 78ची रेकॉर्ड जेमतेम तीन मिनिटांची, तीही इथं तडीला जात नाही. एल्पीची बाजू वीसेक मिनिटांची. आठ वर्षांत त्यांच्या घरी एकही ख्याल द्रुत लयीपर्यंत पोचलेला मी ऐकलेला नाही.

एकदाच पोचणार होता. बुवा मागीलदारी गेले होते, मल्लिकार्जुन मन्सूर रंगात आले होते, वहिनी हातातली फोड तशीच धरून उंबऱ्यावर टेकल्या होत्या. एवढ्यात कुठेतरी तारेवर फांदी पडली. सुप्याच्या धरणाचं 100 मेगावॉटचं वीजघर आमच्याच तालुक्यात, पण फांदीला त्याचं काय! व्हॉल्वमध्ये धग होती तेवढे दोन-तीन सेकंद मन्सूर तार षड्जावरून खाली खाली घसरले आणि खर्जातून थेट अंधारात गेले.

मागीलदारातून बुवांचा हर्षभरित आवाज आला, ‘ऐकलंत? वीज गेल्यावरही गातोय! कपॅसिटर बघा काय धरून ठेवतात!’

‘आगपेटी कुठे ठेवलीय?’ वहिनी म्हणाल्या.