पोर्टचे वेळापत्रक

टीव्ही कंपन्यांचे जाहीर अभिनंदन करणे लोणार तालुक्यातील सुलतानपूरला क्रमप्राप्त आहे. स्वस्तातल्या अनेक 43 इंची टीव्हींना त्यांनी एचडीएमआयचे चक्क दोन पोर्ट ठेवले आहेत.

टीव्ही सडपातळ व्हावा म्हणून त्याचा आवाज आधीच खालावला. तो आता साउंडबार म्हणून वेगळा विकत मिळतो, आणि बसतो एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर काढणाऱ्या एचडीएमआय पोर्टात. 2009 सालची ही सोय बहुधा एकाच पोर्टला असते. उरला एक. त्याला उमेदवार तीन: सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक आणि थोरल्याचा लॅपटॉप.

शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री पाळीने घेणाऱ्या गावाला यात अवघड ते काय? पोर्टचेही वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. संध्याकाळी मालिका, रात्री क्रिकेट, लॅपटॉपला पहाटे तीन ते पाच. तक्रारी ग्रामसभेत.

साउंडबार ऑप्टिकल वायरीवरही चालतो, असे काही आगाऊ लोक सांगतात. पण इतक्या सहज सुटणाऱ्या प्रश्नावर समिती कशी नेमणार?

पुढच्या मॉडेलची गावाला उत्सुकता आहे. आवाज वेगळा विकून झालाच आहे. आता चित्रही वेगळे मिळाले, की दोन्ही पोर्ट मोकळे.