सामाईक भिंतीचं काय करायचं?



सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड



बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्याइकडं अख्खी घरं हलवतात म्हन्ते, मंग आपलंच काऊन नाही हलत?" आणि उत्तर ऐकायच्या आत फोन दादाच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र. हे मधूनच दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही. दिलंत तरी वहिनी मोठ्यानं वाचून दाखवतील.

घरं हलवतात, ते खरं आहे. 2023 च्या डिसेंबरात शेजारच्या नोव्हा स्कॉशियात, हॅलिफॅक्स शहरात, 1826 साली बांधलेली 220 टनांची इमारत 30 फूट सरकवली. कशावरून? साबणावरून! खाली आंघोळीच्या साबणाच्या 700 वड्या रचल्या, वरून इमारत ओढली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येवढ्यात आपल्या साऱ्या गावाच्या आंघोळी झाल्या असत्या." झाल्या असत्या, पण नळाला पाणी आलं असतं तर.

तुमच्या कामाची गोष्ट मात्र आमच्याच बेटावरची आहे. न्यूफाउंडलंड कॅनडात आलं ते 1949 साली. मासेमारांच्या वस्त्या कडेकपारीत आणि बारक्या बेटांवर विखुरलेल्या. प्रत्येक ठिकाणी शाळा, डॉक्टर, वीज कुठून द्यायची? म्हणून जोई स्मॉलवूड मुख्यमंत्री असताना, 1954 पासून, सरकारनं माणसं मोठ्या गावांत आणायला सुरुवात केली. 1975 पर्यंत तीनशेच्या आसपास गावं उठली, तीसेक हजार माणसं हलली. पुढे तर घरटी 1,000 डॉलर आणि वर माणशी 200 असा दर होता. दादा, तू लगेच घरातली डोकी मोजू नकोस. ती योजना केव्हाच बंद झाली.

आपल्याकडे जिगाव धरणाचं पाणी घरापर्यंत येणार म्हणून माणसं उठतात. इथली माणसं घर घेऊनच पाण्यात उतरली. आधी धुराडं उतरवायचं, खिडक्या काढायच्या, सामान बाहेर. मग घराखाली ओंडके घालायचे आणि सगळ्या गावानं दोर धरून, गाणी म्हणत, ते किनाऱ्यावर ओढत आणायचं. रिकामी पिंपं चहूबाजूंनी बांधायची आणि भरतीची वाट बघायची. पाणी चढलं की घर तरंगलं. पुढे मोटारबोटी, मागे दोराला बांधलेलं दुमजली घर! 1961 साली सिल्व्हर फॉक्स बेटावरून डोव्हर गावाला असं एक घर नेलं, त्याचा फोटो इथे सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुमची नात तो बघून म्हणाली, "आजोबांचं घर पण असंच नेऊ." मी तिला वचन दिलेलं नाही.

कारण बाबा, ती घरं लाकडाची, हलकी. आपलं धाब्याचं. दोन फुटी मातीच्या भिंती, वर सागवानी सरे, त्यावर किलचन, त्यावर पांढरी माती, आणि दर पावसाळ्याआधी तुम्ही चढवलेला नवा थर. मी हिशेब केला. दोन फूट जाड, दहा फूट उंच, तीस फूट लांब अशी एकच भिंत पंचवीस-तीस टनांची भरते. पूर्णा नदीत सोडलं तर आपलं घर चहातल्या पारले बिस्किटासारखं जाईल, वर सरे तेवढे तरंगतील. रस्त्यानं न्यायचं म्हटलं तर विजेच्या तारा, काळ्या मातीत रुतणारा ट्रेलर, आणि एवढं करून जमलंच, तर नांदुऱ्याला 105 फुटी हनुमानापुढे वरात थांबणार. दर्शनाशिवाय तुम्ही पुढे जाणार नाही, आणि तोवर हायवेची रांग मलकापूरला पोचलेली असेल.

पण खरी अडचण वजनाची नाही. ती तीस फुटी भिंत सामाईक आहे. अर्धी काकांची.

तुम्ही आणि काका बांधाच्या भांडणापासून बोलत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. जिगाव धरणाचं नावही मी तेव्हापासूनच ऐकतोय. दोन्ही कामं रेटून चालू आहेत. आता आपलं घर उचललं तर काकांचा गोठा उघडा पडतो, आणि भिंत ठेवून गेलो तर आपलं घर तीन भिंतींचं होतं. इथल्या सरकारनं असल्याच काकांसाठी नियम केला होता. सुरुवातीला अट अशी, की गावातल्या एकूण एक घरानं हो म्हटलं तरच गाव हलवायचं. ते जमेना, म्हणून 1965 साली 90 टक्क्यांवर आले, मग 80 वर. तशाच नव्या योजनेतली अलीकडची गंमत ऐका. लिटल बे आयलंड्स नावाच्या गावानं 2015 साली मतदान केलं. लागत होते 90 टक्के, पडले 89.47. गाव अडकलं! त्या छोट्या गावात नंतर कोण कोणाशी बोललं नसेल, ते आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. 2019 साली सगळ्यांनी हो म्हटलं आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी गावाची वीज तोडली.

तिथले लोक उन्हाळ्यात जुन्या गावी जाऊन राहतात. आपल्याला ती सोय नाही. उजनी धरणात पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, पण देऊळ दगडी आहे. आपलं धाबं तेवढा दम धरणार नाही.

तेव्हा माझं ऐका. घर नका नेऊ, घरातलं न्या. सागवानी चौकट, दार, सरे, जातं, उखळ. नव्या घराला स्लॅब घाला म्हणजे दादाची हौस फिटेल, पण चौकट जुनीच बसवा. मिस्तरी दाराची मापं नव्या नकाशात बसत नाहीत म्हणेल. नकाशा बदलायला सांगा. आणि आई, देवघराचा कोनाडा भिंतीत आहे, तो निघत नाही. नव्या घरात तसाच करायला सांग, उंची तुझ्या हाताला येईल एवढी.

राहिला पुनर्वसनाचा प्लॉट. दादा म्हणतो चिठ्ठ्या काढतील, शेजारी कोण येईल सांगता येत नाही. मला वाटतं तुम्ही घर हलवायचा हट्ट धरलाय तो यासाठीच. नव्या जागी कोणी परका, हसतमुख शेजारी आला, तर तुम्ही संध्याकाळी ओट्यावर बसून पाठ कोणाकडे करणार? काकांनी आणि तुम्ही एकाच अर्जावर सह्या करून शेजारचे प्लॉट मागून बघा. सह्या करताना बोलायची गरज नसते.

एक सामाईक भिंतही ठेवा. या वेळी विटांची.

तुमचा
बारका

ता. क. – काकांना यातलं काही कळू देऊ नका. मी त्यांना वेगळं पत्र टाकलंय.