चांगदेवाचा अतारांकित प्रश्न

महाराष्ट्रातल्या लेखी प्रश्नोत्तरांचा पहिला दाखला आळंदीचा आहे, असे आमचे ठाम मत आहे. योगिराज चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. वय पाहावे तर समोर पोर, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे; ज्ञान पाहावे तर ‘तीर्थरूप’. मायन्यातच लेखणी अडली आणि त्यांनी कोराच कागद धाडला. मुक्ताबाईने तो पाहून, चौदाशे वर्षे जगला तरी कोराच राहिला, असा शेरा मारला म्हणतात. (फाइलीवर शेरा मारायची प्रथाही तेव्हाचीच असावी.) ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे कळवून हात झटकले नाहीत.

मधल्या सातशे वर्षांत मायन्याचा पेच सुटला. चिरंजीव नाही, तीर्थरूप नाही, सरसकट ‘सन्माननीय’. प्रश्नही आता कोरा नसतो, चांगला भरगच्च असतो. कोरेपणा तेवढा उत्तराकडे गेला आहे.

ज्यांनी विधिमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी कधी वाचली नाही, त्यांच्यासाठी एक नमुना. मजकूर आमचा, साचा विधान भवनाचा. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? (१) आळंदी (ता. खेड, जि. पुणे) येथे इंद्रायणीच्या पात्रात ऐन यात्राकाळात पांढरा फेस तरंगत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आणि उत्तर: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) संबंधितांना नोटिसा बजावण्यात आल्या असून पुढील कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

या ‘अंशतः’वर आमचा फार जीव आहे. अंशतः म्हणजे नक्की काय? नदी खरी आणि फेस खोटा? की फेस खरा आणि त्यात बुडी मारणारा वारकरी खोटा? इंद्रायणीत फेस दर हंगामात उद्भवतो, कार्तिकीला उद्भवतो, पालखीच्या प्रस्थानाला उद्भवतो. उद्भवत नाही तो फक्त प्रश्न.

फेसाची अडचण अशी की त्याच्याकडे रहिवासी दाखला नाही. नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत लोणावळा आणि तळेगाव नगरपरिषदा, देहू नगरपंचायत, पिंपरी-चिंचवड महापालिका, आळंदी नगरपरिषद, वर पीएमआरडीए, एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. आमदारांचे म्हणाल तर मावळ, भोसरी आणि खेड-आळंदी हे मतदारसंघ हमखास. सांडपाणी विचाराल तर नगरविकास विभाग, कारखाना विचाराल तर उद्योग, बंधारा विचाराल तर जलसंपदा, आणि हे सगळे एकत्र झाले की पर्यावरण. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातली साबणाची, डिटर्जंटची रसायने वरून मुकाट वाहत येतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळले, घुसळले की फेस धरतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या फेस आळंदीतच तयार होतो. वरच्या गावांनी फक्त कच्चा माल पुरवला. एखादा कल्पक कक्ष अधिकारी उद्या असे उत्तर देईलही, आणि ते अंशतः खरेही असेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांतले सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रात निघाले आणि इंद्रायणीचाही त्यात समावेश आहे. तरीही सदस्याने विचारायचे ते ‘हे खरे आहे काय?’ असेच. शिष्टाचार असतो.

शिष्टाचारावरून आठवले. लोकसभेच्या नियमांत प्रश्न कसा नसावा याची यादी आहे. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, आरोप नको, विशेषणे नकोत आणि उपरोधही नको. शिवाय प्रश्न दीडशे शब्दांत बसला पाहिजे. थोडक्यात, हे सदर प्रश्न म्हणून कधीच दाखल होणार नाही. उत्तरातल्या उपरोधावर मात्र बंदी असल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि मंत्रालये त्या सवलतीचा भरपूर लाभ घेतात.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क फुकट मिळालेला नाही. १८९२च्या कायद्याने इंग्रजांनी कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली. टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले, गोखले १८९९ मध्ये. पण साहेब हुशार. प्रश्न विचारा, उत्तर ऐका आणि खाली बसा. उत्तरावर उपप्रश्न नाही. त्याची सोय १९०९ मध्ये झाली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरती. कारण दात उपप्रश्नाला असतात. आज तारांकित प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितावर येत नाहीत. त्याचे उत्तर छापून येते आणि विषय संपतो. म्हणजे नुसत्या अतारांकित प्रश्नावर समाधान मानणारा आमदार अजून १८९२ सालातच बसलेला आहे, कडक इस्त्रीच्या खादीत.

दात लागले की काय होते, तेही नोंदलेले आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंद्रा यांच्या कंपन्यांत पैसे का घातले, असा साधा प्रश्न लोकसभेत आला. उत्तर गुळमुळीत मिळाले. फिरोज गांधींनी ते सोडले नाही, चौकशी बसली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. प्रश्नाचे मोल करणारेही होऊन गेले. पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांना संसदेने काढले, त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोघे. यातून एवढे कळले की प्रश्नाला बाजारभाव आहे. उत्तर विकत घ्यायला कोणी आल्याचे ऐकिवात नाही.

कधी प्रश्न असतो, पण विचारायचा कोणाला हेच ठरलेले नसते. डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन आठवा. १५ तारखेला ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ला अधिवेशन सुरू झाले, २१ ला संपले आणि त्याच रात्री खातेवाटप झाले. सहा दिवस मंत्री होते, खाती नव्हती. फेसाला त्या काळात खऱ्या अर्थाने कोणी वाली नव्हता.

इथे जरा चेष्टा बाजूला ठेवतो. याच इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार माणसे गेली. नव्या पुलासाठी निधी मंजूर झालेला होता, पूल उभा राहायचा होता. ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हे साच्यातले चौथे कलम सगळे जण सवयीने लिहितात, आणि त्याच्यापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हेही सवयीनेच छापले जाते. तो साचा ज्याने कोणी बनवला, त्याला हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे वाटले असावे.

अशा सवयीच्या उत्तरांवर संसदेत एक उतारा आहे. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ अशी वाक्ये मंत्र्याने उच्चारली की ती आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि तीन महिन्यांत पुरी करावी लागतात. मुदतवाढ मागता येते, आणि मागितली जातेच. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. देहूच्या श्रद्धेप्रमाणे इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेराव्या दिवशी कोरडी वर आली. नदीविषयी दिलेले आश्वासन त्याच नदीत टाकून पाहायला हरकत नाही.

तेव्हा आळंदीकर, मोशीकर, चिखलीकर आणि चाकणकर मंडळी, चौकात नवा फ्लेक्स लागला आणि त्यावर ‘इंद्रायणीचा प्रश्न विधानसभेत गाजवला’ असे दिसले, तर फोटोतल्या सन्माननीयांना गाठा. दादा, भाऊ, अण्णा, जे काय म्हणत असाल ते म्हणा, पण विचारा: प्रश्न तारांकित होता की अतारांकित? क्रमांक किती? उत्तर कोणत्या तारखेला आले? त्यावर तुम्ही कोणता उपप्रश्न विचारलात, आणि आश्वासन मिळाले असेल तर ते समितीकडे नेलेत का? प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. सांगितलेला क्रमांक तिथे ताडून पाहा आणि उत्तराची प्रत काढून चौकात त्या फ्लेक्सशेजारी लावा.