समोर दिसतो तो कुलंग

रतनवाडीतून निघायचं, रतनगड करायचा, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं, मग पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. नकाशावर ही वाट बोटभर आहे, पण नकाशात घसारा दाखवत नाहीत. गडावरच्या देवळाजवळच्या झापात आम्ही पोचलो तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांना पिठलं वाढलेलं कळलं आणि उरलेल्यांना ते खाल्लेलंसुद्धा कळलं नाही.

अशा अवस्थेत काकांनी जाहीर केलं, "पहाटे चारला उठायचं. तारामतीवर सूर्योदय!"

काका बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक त्यांच्यातून झालेली नाही. पहाटे काळोखात त्यांनी शिरगणती घेतली. एकदा एक माणूस कमी भरला, दुसऱ्यांदा एक जास्त. जास्तीचा माणूस पुण्याच्या दुसऱ्या कंपूतला निघाला. चहाच्या वासाने आला होता. कमी पडणारे काका स्वतः होते. हिशेब जुळेपर्यंत कोणालाही हलू दिलं नाही. चांगदेवांनी याच गडावर तप केलं म्हणतात. त्यांना एकट्याने यायची सोय होती.

पठारावर आणखी एक घोळका भेटला. नवेकोरे बूट, कपाळावर टॉर्च, बगलेत गाणारा स्पीकर. त्यांनी विचारलं, "सूर्योदय बघायचाय, कोकणकडा कुठे?" कोकणकडा पश्चिमेला आहे. तिथे सूर्य संध्याकाळी येतो. काकांनी त्यांना नीट वाट दाखवली. चौकशी वाटेची होती, दिशेची नव्हती.

तारामतीचा चढ फार लांबचा नाही, पण इतक्या चालीनंतर गुडघ्यांना ते पटवून देणं अवघड जातं. शिखराच्या पोटात लेणी आहेत आणि त्यांतल्या एकीत भलीथोरली गणेशमूर्ती. तिथे थांबून आम्ही मनोभावे हात जोडले. त्या निमित्ताने बसता येतं. पुढे वाळलेल्या कारवीतून वाट वर चढते. काकूंच्या सॅकमध्ये चिवडा, लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याची बरणी एवढा संसार होता, तरी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. "थांबलं की पाय बोलायला लागतात," एवढंच त्या म्हणाल्या.

माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. उंची चौदाशे मीटरच्या वर, बोचरा वारा, पायाखाली अंधारात बुडालेल्या दऱ्या. अशा वेळी माणसाने गप्प बसून पाहावं. पण मराठी माणूस शिखरावर पोचला की आधी दुसरी शिखरं ओळखतो.

"समोर दिसतो तो कुलंग," काकांनी उत्तरेकडे काठी रोखली.

"कुलंग कसा असेल? तो मदन आहे," इंजिनिअर पोरगा म्हणाला. "कुलंगचा माथा सपाट असतो."

"मी कुलंगला गेलोय."

"पावसात गेला होता. धुक्यात काय दिसलं असेल?"

मग कळसूबाई पुढे आली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, म्हणजे जे सगळ्यांत उंच दिसतं तेच ते, असा सिद्धांत एकाने मांडला. जवळचं बुटकंही उंच दिसतं, असा दुसऱ्याने खोडला. आजोबाचा डोंगर कोणता यावरून दोन घरांचे संबंध ताणले गेले. पोराने मोबाईल काढून नकाशा उघडला, पण रेंज येईना, आणि काका "बघ!" असं विजयी स्वरात म्हणाले, जणू रेंज न येणं हा त्यांच्या बाजूचा पुरावा होता.

काकू सगळ्यांकडे आणि सूर्याकडेही पाठ करून बसल्या होत्या. सूर्योदय त्यांनी कंबरेने घेतला आणि रात्रभर धरलेली कंबर सुटल्याचं सांगितलं. आम्हाला सूर्योदयाचा खरा उपयोग तेवढाच झाला.

एवढ्यात आमचा झापवाला किटली घेऊन वर आला. पायात साधी चप्पल, श्वास अगदी जागेवर. काकांनी त्याला पंच नेमलं.

"काय हो मामा, तो समोरचा डोंगर कुलंग ना?"

मामांनी हाताचा आडोसा करून पाहिलं. "तो? कात्राबाई. त्याच्याच खिंडीतनं आलात ना तुम्ही?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. काकांनी चहा घेतला, घोट गिळला आणि म्हणाले, "मागच्या बाजूने वेगळा दिसतो." हे मात्र खरं आहे. सह्याद्रीतला कुठलाही डोंगर चालणाऱ्याला एक तोंड दाखवतो आणि बघणाऱ्याला दुसरं. खिंडीत असताना तर आमची नजर बुटाच्या टोकापुढे गेलीच नव्हती. दरम्यान सूर्य चांगला कासराभर वर आला होता. तो उगवला नेमका कधी, याची नोंद कोणाकडेच नाही.

उतरताना कोकणकड्याकडून परतणारा तो घोळका भेटला. मस्त झाला म्हणाले सूर्योदय.

तुम्ही हरिश्चंद्रगडावर जाल तेव्हा तारामतीवर पहाटे जाच. सूर्य कुठे आहे हे तिथे कोणाला विचारावं लागत नाही. बाकीच्यांची नावं मात्र आदल्या संध्याकाळीच झापवाल्याकडून पाठ करून घ्या.