एकीचं पत्रक

आमच्या मंडळीत दोन गट आहेत आणि हार्मोनियमच्या कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली जुन्या पंचांकडे, दुसरी नव्यांकडे. दोघे एका वेळी आले तरच पेटी निघणार. पण ते एका वेळी येतात ते फक्त धर्मादाय कार्यालयात, तारखेला. तोवर 'उपासना संगीता'तलं गीत डावीकडचे काळी एकमध्ये म्हणतात, उजवीकडचे काळी चारमध्ये, आणि मधल्या बाकांवरचे माझ्यासारखे नुसते ओठ हलवतात.

मधल्या बाकावर बसलं की आपण निःपक्षपाती आहोत असं फार लवकर वाटू लागतं. त्यात मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. मिटवामिटवी पूर्वजांपासूनच सुरू करू म्हणून चारपानी पत्रक लिहिलं, पदरचे पैसे घालून छापलं आणि रविवारी दारात उभं राहून प्रत्येकाला सलाम करत वाटलं.

गोम अशी, की 1852 साली कोल्हापुरात मिशनचं काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर हेच मुळात भांडून बसलेले गृहस्थ. शाळांवरून त्यांचं बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाशी बिनसलं. साहेब बोर्डाबाहेर पडले, 1861 साली परतले आणि स्वतःच्या हिमतीवर इथं काम रेटत राहिले. 1870 साली मात्र प्रेसबिटेरियन बोर्डाच्या छत्राखाली गेले. शिवाय 1970 साली नागपुरात सहा चर्चपरंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, हे शेवटच्या पानावर ठळक टायपात.

पुढच्या रविवारी जुन्या पंचांतले काका फाटकातच भेटले. "सर, लई ब्येस लिवलंसा. वाइल्डरसायेब एकटं लढलं, मग आमीच का वाकायचं?" त्यांनी पान दोन वाचलं होतं. नव्यांनी पान तीन. "बघा, साहेबसुद्धा शेवटी बोर्डाखाली गेले. सांगा की त्यांना जरा!" पान चार कुणी उलटलंच नव्हतं.

पावसाळा सरता सरता कळलं, दोन्ही गटांनी पत्रक आपापल्या अर्जाला पुरावा म्हणून जोडलंय. आयुष्यभर माझे लेख साभार परत आले. सरकारी शिक्का बसलेलं हे पहिलंच लिखाण. बायको म्हणाली, "पेढे वाटा आता." छाती फुगवून दोन्ही प्रती बघायला गेलो. जुन्यांची जशीच्या तशी होती. नव्यांच्या वकिलाने मात्र माझे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केले होते. अठरा ठिकाणी.

पाळकसाहेब म्हणतात, "सर, सोडून द्या." सोडतो की. आधी त्या गटाने लेखी माफी द्यावी, सही-शिक्क्यानिशी.